उष्णताप्रेमी जंतूंची प्रथिनं आणि साखर: 25 अंशाला मोजलेल्या पकडीला अर्थ आहे का?

मेधा_सुदामानगर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. धागा विज्ञान विभागात टाकतेय, पण प्रश्नात साखर असल्यामुळे पाककृती विभागातले लोकही डोकावणार याची खात्री आहे. यावं, बसावं.

मी इंदूरला एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. यंदा एमएस्सीच्या एका मुलीनं थर्मोटोगा मॅरिटिमा या जंतूचं ग्लुकोज धरणारं प्रथिन ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जंतूमध्ये बनवून घेतलं, शुद्ध केलं आणि ग्लुकोजवर त्याची पकड किती आहे ते फ्लुओरेसन्सनं (प्रथिनाच्या चमकेवरून) मोजलं. आलेख देखणा आलाय. मोजणी 25 अंशाला. सेमिनारमध्ये एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "हा जंतू राहतो 80 अंशाला. 25 ला तो वाढतसुद्धा नाही. मग तुझा आकडा नक्की कोणाचा?" पोरगी गप्प. मी "पुढच्या टप्प्यात बघू" म्हणून वेळ मारून नेली.

ज्यांना जंतू माहीत नाही त्यांच्यासाठी: 1986 साली इटलीतल्या व्हल्कानो बेटाजवळच्या तापलेल्या समुद्रतळातून कार्ल स्टेटर आणि मंडळींनी हा शोधला. 55 ते 90 अंशात वाढतो, 80 च्या आसपास त्याला सगळ्यात छान मानवतं.

माझं मत असं की आकडा छापावा, शेजारी तापमान लिहावं आणि पुढे जावं. सगळं जग असंच करतं. तुम्हाला काय वाटतं? तापमान वाढलं की पकड सैल होते, घट्ट होते, की काही फरक पडत नाही?

जीरावन

80 अंशाला साखर धरणारा एक प्राणी मला माहीत आहे. कढईतून निघालेली जलेबी निवायची वाट न बघणारा इंदुरी. त्याची पकड कुठल्याच तापमानाला सैल होत नाही, ताई. छापून टाका.

केल्विनकाका

जीरावन, तुझा प्राणी पोळलेल्या जिभेनं सेमिनार देतो, म्हणून त्याचं कोणी ऐकत नाही.

मेधाताई, हा भौतिक रसायनाचा पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. साखर प्रथिनात बसते तेव्हा हायड्रोजन बंध जुळतात, ट्रिप्टोफॅनसारख्या अमिनो आम्लांच्या चपट्या कड्या साखरेच्या कडीला चिकटतात आणि उष्णता बाहेर पडते. उष्णता बाहेर टाकणारी क्रिया तापवली की मागे सरकते. म्हणजे पकड सैल.

किती सैल, तेही काढता येतं. एन्थाल्पी (क्रियेत उष्णता किती बाहेर पडते किंवा शोषली जाते तो आकडा, बाहेर पडली तर उणे) उणे 40 किलोजूल प्रति मोल धरा. साखरेच्या बाबतीत हा आकडा अगदी रोजचा आहे. व्हॅन्ट हॉफच्या समीकरणात 25 आणि 85 अंश घाला (केल्विनमध्ये बरं का, 298 आणि 358). उत्तर येतं सुमारे 15 पट. 25 अंशाला 1 मायक्रोमोलर असलेला केडी (जेवढ्या साखरेला निम्मं प्रथिन भरतं तो आकडा, जितका लहान तितकी पकड घट्ट) 85 ला 15 मायक्रोमोलर होईल. सरांना हे गणित फळ्यावर करून दाखवा.

रामबागकर

माझा बाळबोध प्रश्न. उकळत्या पाण्यात साखर येते कुठून? कोण टाकतं?

कल्याणी_बडोदे

रामबागकर, प्रश्न मुळीच बाळबोध नाही, सगळी गोम तिथेच आहे. मेलेल्या जंतूंच्या पेशी, वाहून आलेला पालापाचोळा, शेवाळाचे अवशेष, यांतले स्टार्च, झायलॅनसारखे लांब साखळ्यांचे पदार्थ हे जंतू बाहेरच तोडतात आणि सुटलेले तुकडे आत ओढतात. पण असतं फार थोडं, आणि गिऱ्हाईकं पुष्कळ. म्हणून पकड जबर लागते.

थर्मोकॉकस लिटोरालिस म्हणून याचा एक लांबचा भाऊबंद आहे, आर्किया गटातला (जंतूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव). तो माल्टोज आणि ट्रेहॅलोज 85 अंशाला आत ओढतो, आणि त्या यंत्रणेचा केएम (जेवढ्या साखरेला ती निम्म्या वेगानं चालते तो आकडा) 20 नॅनोमोलरच्या आसपास निघाला. ई. कोलायची माल्टोज ओढण्याची यंत्रणा आपल्या शरीराच्या तापमानाला 1 मायक्रोमोलरच्या घरात आहे. म्हणजे उकळत्या पाण्याजवळ राहणारा निम्म्याहून कमी तापमानाला राहणाऱ्यापेक्षा 50 पट पातळ साखर पकडतो. काकांचं "तापवलं की सैल" हे एका प्रथिनाबद्दल ठीक असेल, पण जंतूनं ते भरून काढलेलं दिसतंय.

केल्विनकाका

कल्याणी, तो केएम संपूर्ण पंपाचा आहे, नुसत्या साखर धरणाऱ्या प्रथिनाचा नाही. पंपाला एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ताकद असते. दोन्ही एका तागडीत घालू नकोस.

कल्याणी_बडोदे

मान्य की पंपाचा आहे. पण पंपाला साखर आणून देणारं प्रथिन ढिलं असतं तर पंप 20 नॅनोमोलरला चालला असता का?

प्रयोगशाळेतला_उंदीर

काकांचं गणित बरोबर, पण गृहीतक तपासा. त्यांनी एन्थाल्पी 25 पासून 85 पर्यंत तीच धरली. ती तशी राहत नाही. ती तापमानाबरोबर घसरते, आणि किती घसरते ते हीट कपॅसिटीतल्या (उष्णता सामावून घेण्याच्या क्षमतेतल्या) बदलावर ठरतं. प्रथिनाच्या खाचेत अडकलेलं पाणी साखर आली की हाकललं जातं, त्यामुळे हा बदल बहुतेक वेळा उणे असतो.

समजा 25 अंशाला एन्थाल्पी अधिक 20 आहे, म्हणजे साखर बसताना उष्णता शोषली जातेय. आणि हीट कपॅसिटीचा बदल उणे 1 किलोजूल प्रति मोल प्रति अंश. (दोन्ही आकडे उदाहरणाचे आहेत, ताईंच्या प्रथिनाचे नव्हेत.) मग 45 अंशाला एन्थाल्पी शून्य होते आणि पुढे उणे. पकड 25 पासून 45 पर्यंत वाढते, तिथे सगळ्यात घट्ट, नंतर ढिली होत जाते. 85 ला पोचेपर्यंत 25 च्या तुलनेत फक्त पावणेदोन पट सैल.

आता गंमत बघा. तुम्ही 25 आणि 85 एवढीच दोन टोकं मोजलीत तर वाटेल की तापमानाचा काही परिणामच नाही. मधला उंचवटा दिसणारच नाही. काकांच्या पद्धतीनं 15 पट, माझ्या पद्धतीनं पावणेदोन. फरक समीकरणाचा नाही, आत घातलेल्या आकड्यांचा आहे. म्हणून 25 च्या एका ठिपक्यावरून 80 बद्दल "सैल" म्हणणं आणि "घट्ट" म्हणणं, दोन्ही सारखंच बिनबुडाचं.

जीरावन

उंदीरभाऊ, मराठीत सांगाल का?

प्रयोगशाळेतला_उंदीर

एका तापमानाला मोजून थांबू नका. झालं मराठी.

तात्या_लोकमान्यनगर

मी बँकेतून निवृत्त, पण धागा वाचतोय. हे प्रथिन साखर "धरतं" म्हणजे करतं काय? चिकटवतं?

कल्याणी_बडोदे

तात्या, अडकित्ता आठवा. दोन पाती, मध्ये बिजागरी. साखर नसताना उघडा, सुपारीच्या जागी साखर आली की दोन्ही पाती मिटतात. मिटलेलं प्रथिन पेशीच्या पटलातल्या पंपाशी जाऊन बसतं, पंप साखर काढून आत ढकलतो, पाती पुन्हा उघडतात. मिटताना कुठल्यातरी ट्रिप्टोफॅनभोवतीचं वातावरण बदलतं, त्याची चमक कमीजास्त होते. मेधाताईंच्या विद्यार्थिनीनं तेच मोजलंय.

तात्या_लोकमान्यनगर

आता समजलं. आमच्या आजीचा अडकित्ता थंडीत जाम व्हायचा. याचंही तसंच होतं का?

मेधा_सुदामानगर

तात्या, यावरच तर लोकांची जुंपलेली आहे! एक जुना विचार असा की उष्णताप्रेमी प्रथिन थंडीत ताठर असतं आणि स्वतःच्या नेहमीच्या तापमानाला आलं की आपल्यासारख्यांच्या प्रथिनांइतकंच लवचिक होतं. थर्मस थर्मोफिलसच्या एका एन्झाइमवर 1998 साली तसं दाखवलंही होतं. खोलीच्या तापमानाला ते ई. कोलायच्या भावंडापेक्षा ताठर, आणि दोघं आपापल्या कामाच्या तापमानाला जवळपास सारखे.

प्रयोगशाळेतला_उंदीर

आणि 2000 साली पायरोकॉकस फ्युरिओससच्या रुब्रेडॉक्सिननं त्या विचाराला सुरुंग लावला. हा जंतू 100 अंशाला सगळ्यात जोमानं वाढतो, त्याचं हे छोटंसं प्रथिन अतिशय टिकाऊ, आणि तरी खोलीच्या तापमानाला मिलिसेकंदांत मोकळेपणी हलताना सापडलं. टिकाऊ म्हणजे ताठर असं समीकरण मांडू नये.

केल्विनकाका

एका रुब्रेडॉक्सिनवरून सगळ्या प्रथिनांवर शिक्का मारू नये, तसंच एका थर्मसवरूनही.

प्रयोगशाळेतला_उंदीर

चला, एकदाचं काकांशी जमलं.

बीमलाइन_भिया

इंदूरमध्ये राहून कोणी कॅटचं, म्हणजे आताच्या राजा रामण्णा केंद्राचं, नाव काढलं नाही? तिथे इंडस-2 सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) आहे, त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी बीमलाइन आहे. देशभरातून लोक स्फटिक घेऊन येतात.

माझा मुद्दा वेगळा आहे. ही सगळी "साखर धरलेली" सुंदर चित्रं आपण पाहतो ती कुठल्या तापमानाची असतात? स्फटिक नायट्रोजनच्या थंड झोतात ठेवतात, 100 केल्विन, म्हणजे उणे 173 अंश. नाहीतर क्ष-किरणांनी स्फटिकाची वाट लागते. 80 अंशात राहणाऱ्याचा फोटो उणे 173 ला काढायचा आणि खाली लिहायचं "हे असं साखर धरतं". सरांना 25 खटकलं, मग चित्रांना तर ते हातही लावू देणार नाहीत.

मेधा_सुदामानगर

भिया, हे पुढच्या सेमिनारला वापरणार. तुमचं नाव सांगत नाही.

शुगरवाले_जोशी

मी या धाग्यात चुकून आलो, वाटलं मधुमेहाचा आहे. आता आलोच आहे तर विचारतो. माझ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर लिहिलंय, 30 अंशाखाली ठेवा. इंदूरच्या मे महिन्यात 42 ला कुठे ठेवायच्या? तुमचे हे उकळत्या पाण्यातले प्राणी आमच्या कामाचे नाहीत का?

कल्याणी_बडोदे

जोशीकाका, चुकून नाही, योग्य जागी आलात. आजच्या पट्ट्यांत बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डीहायड्रोजिनेज असतं आणि त्यांना उष्णता व दमट हवा सोसत नाही. थर्मोटोगाच्या ग्लुकोज धरणाऱ्या प्रथिनावर नेमक्या याच हेतूनं काम झालंय. त्याची घडी 100 अंशाच्याही वर गेल्यावरच मोडते, त्यामुळे उन्हाळ्यात कपाटात टिकण्याची चिंता नाही.

अडचण वेगळीच. त्याची पकड मायक्रोमोलरच्या आसपासची, आणि तुमच्या रक्तात ग्लुकोज उपाशीपोटी साधारण 5 मिलिमोलर, म्हणजे 90 मिलिग्रॅम. 90 असो की 300, प्रथिन भरलेलंच दाखवणार. म्हणून खाचेतली एखाददुसरी अमिनो आम्लं बदलून त्याची पकड मुद्दाम शेकडो पटींनी बिघडवावी लागते. आणि ते मोजायचं 25-37 अंशाला, 80 ला नाही. तेव्हा 25 चा आकडा कोणाचा, तर जोशीकाकांचा!

शुगरवाले_जोशी

ऐकून बरं वाटलं. पट्ट्या तोवर माठाशेजारी ठेवतो.

कल्याणी_बडोदे

माठाशेजारी दमट असतं काका, तिथे नको. घरातली थंड पण कोरडी जागा बघा, आणि डबी घट्ट बंद.

जीरावन

अवांतर विचारतो, रागावू नका. गरम रबडी जास्त गोड लागते की थंड? घरात यावर दोन तट आहेत.

प्रयोगशाळेतला_उंदीर

गरम, म्हणजे कोमट. जिभेवरच्या गोड चवीच्या पेशींत टीआरपीएम5 नावाचा एक दरवाजा असतो. 15 पासून 35 अंशापर्यंत तो जास्त जोरात उघडतो, हे 2005 साली दाखवलं गेलं. म्हणून वितळलेलं आइसक्रीम गोडमिट्ट लागतं. फक्त फ्रुक्टोजचं उलटं. ते थंडीत जास्त गोड, कारण थंडीत त्याचं जास्त गोड असलेलं रूप पाण्यात अधिक प्रमाणात असतं. रबडीत साखर आणि दुधातली लॅक्टोज, तेव्हा कोमट पक्ष जिंकला.

जीरावन

कोमट पक्ष म्हणजे सासूबाई. हे उत्तर घरी जाणार नाही.

जुना_पोस्टडॉक

उशिरा आलो. वाद छान चाललाय, पण मेधाताईंच्या विद्यार्थिनीला उपयोगी पडेल असं कमी आलंय. मी अशाच प्रथिनांवर काही वर्षं घालवली आहेत, थोडं लिहितो.

पहिलं म्हणजे प्रथिन रिकामं आहे का ते बघा. ई. कोलायमध्ये बनवलेलं साखर धरणारं प्रथिन बरेचदा त्याच पेशीतली साखर पोटात घेऊनच बाहेर येतं. उष्णताप्रेमी असेल तर त्रास जास्त, कारण थंड खोलीतल्या डायलिसिसमध्ये (पडद्याच्या पिशवीतून बारीक रेणू धुऊन काढताना) ते साखर सोडायला तयार होत नाही. शुद्धीकरणात तुम्ही 75 अंशाला तापवलं असेलच. ई. कोलायची प्रथिनं फाटून तळाशी बसतात, वर नितळ पाण्यात आपलं प्रथिन. ती पायरी बघायला मजा येते, पण त्यानं पोटातली साखर जाते असं समजू नका, भोवती साखर असेल तर ते परत धरतं. गरम बफरमध्ये, भरपूर आकारमानात, पुन्हा पुन्हा बदलून डायलिसिस करा. नाहीतर अर्धं प्रथिन आधीच भरलेलं, आणि तुमचा 25 चा "देखणा" आलेख उरलेल्या अर्ध्याचा.

दुसरं, बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण. ट्रिस वापरलंय का? ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे 0.028 नं उतरतो. 25 ला 8.0 लावलेलं बफर 85 ला 6.3 च्या जवळ जातं. मग तुम्ही तापमानाचा परिणाम मोजता की आम्लतेचा? फॉस्फेट घ्या, ते जेमतेम हलतं.

तिसरं, तापवलं की ट्रिप्टोफॅनची चमक अशीच मंदावते, साखर असो वा नसो. प्रत्येक तापमानाला साखरेऐवजी नुसतं बफर घालत तीच मोजणी करायची आणि ती वजा करायची. क्यूवेटला (मोजणीच्या काचेच्या कुपीला) झाकण हवं, आणि बफरमधली हवा आधी काढून घ्यायची. 60 च्या वर काचेच्या भिंतीला बारीक बुडबुडे धरतात, आलेख नाचायला लागतो आणि पोरं समजतात काहीतरी शोध लागला.

आयटीसी (साखर बसताना होणारी उष्णतेची देवघेव मोजणारं यंत्र) मिळत असेल तर उत्तम. एन्थाल्पी सरळ मोजली जाते आणि दोनतीन तापमानांवरून हीट कपॅसिटीचा बदल निघतो, म्हणजे उंदीर आणि काका यांचं भांडण तिथेच मिटेल. पण नेहमीचं यंत्र 80 च्या आसपास थांबतं, आणि तिथे त्याची बेसलाइन शांत बसत नाही. 60-65 पर्यंत भरवसा ठेवा.

आणि ग्लुकोज 80 ला तासन्‌तास ठेवू नका. प्रथिनाच्या अमिनो टोकांशी त्याची प्रक्रिया सुरू होते, द्रावण पिवळं पडतं. प्रत्येक मोजणीला ताजं घ्या.

केल्विनकाका

जुन्या पोस्टडॉकांनी लाख मोलाचं लिहिलंय. ट्रिसचा मुद्दा मी वर्गात सांगायचो, पण 60 अंशांच्या उडीवर कधी लावून पाहिला नव्हता. माझे 15 पट मात्र अजून उभे आहेत, जोवर त्या मुलीनं एन्थाल्पी मोजलेली नाही.

कल्याणी_बडोदे

थर्मोटोगाचा जीनोम 1999 ला आला तेव्हा त्यातल्या जवळजवळ पाव जनुकांचं साम्य आर्कियांशी निघालं. आणि ज्या प्रथिनांवर "पेप्टाइड धरणारी" अशी पाटी लावली होती, त्यातली कित्येक प्रत्यक्षात साखर धरतात हे नंतर प्रयोगात दिसलं. तेव्हा ताई, तिनं ग्लुकोजशिवाय दुसऱ्या साखरा तपासल्यात का? आणि त्या कुठल्या तापमानाला? थंडीत नाकारलेली साखर गरमीत स्वीकारली जाते का, हा प्रश्न मला तरी केडीपेक्षा जास्त रंजक वाटतो.

बीमलाइन_भिया

यावर एक. 2001 साली पायरोकॉकस फ्युरिओससच्या माल्टोडेक्स्ट्रिन धरणाऱ्या प्रथिनाची रचना आली. त्यात साखर ध्रुवीय असूनही पकडीत अध्रुवीय, म्हणजे पाण्याला टाळणाऱ्या संपर्कांचा वाटा मोठा निघाला. हायड्रोजन बंध तापवल्यावर कमकुवत होतात, पण पाणी टाळण्याचा जोर तापमानाबरोबर बऱ्याच हद्दीपर्यंत वाढतो. 80-100 अंशाला काम करणाऱ्यानं त्यावर जास्त भिस्त ठेवली तर शहाणपणाच म्हणायचा. कल्याणीताईंच्या 50 पटींचं थोडं उत्तर इथे असू शकेल.

मेधा_सुदामानगर

मंडळी, दोन दिवस लॅबमध्ये होते, आता लिहितेय.

बफर ट्रिसच होतं. ते बदललं. गरम डायलिसिस काल रात्रीपासून चालू आहे. वॉटर बाथवर झाकण नाही म्हणून थर्मोकोलचा डबा कापून ठेवलाय, आणि पाणी उडून जातं म्हणून मुली पाळीपाळीनं भर घालताहेत. आमचा फ्लुओरिमीटर 70 पर्यंतच तापतो, त्यामुळे 25, 40, 55 आणि 70 असं ठरवलंय. 80 चा आकडा आम्ही मोजणार नाही आणि आलेखाची रेघ 70 च्या पुढे ओढणारही नाही. शोधनिबंधात 25 चा आकडा राहील, पण "शारीरिक महत्त्व" हा उपमथळा काढून टाकायचा, असं तिनंच सुचवलं. कल्याणी, माल्टोज आणि झायलोज यादीत घातलेत.

सरांना ट्रिसचं सांगितलं. ते म्हणाले, "मग मागच्या तीन बॅचेसचं काय?" आता विभागात त्यावर वेगळी मीटिंग आहे.

जुना_पोस्टडॉक

55 ला आधी मोजा, 40 ला नंतर. आणि त्याच क्यूवेटमध्ये परत 25 ला येऊन बघा, आकडा जुळतो का. नाही जुळला तर इथे कळवा, मग बोलू.

जीरावन

मीटिंगला समोसे ठेवा ताई. गरम.